गटातील आवाज : धर्मेश परमार ऊर्फ 'एमसी तोडफोड' यांची कारकीर्द आणि मुंबईच्या हिप हॉपचा इतिहास

प्रस्तावना

समूहाने केलेल्या कार्याचे श्रेय इतिहासात बहुधा एका-दोन नावांपाशी येऊन थांबते. महाराष्ट्राच्या शाहिरी परंपरेत याची उदाहरणे सहज सापडतात. १९४४ च्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाचे तीन आधारस्तंभ होते : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊंचे नाव 'फकिरा' सारख्या कादंबरीमुळे घरोघरी पोहोचले. मराठवाड्याच्या सीमेवरील बार्शीचे अमर शेख आपल्या पहाडी आवाजामुळे लोकांच्या स्मरणात राहिले. गव्हाणकरांचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी 'आणि' या शब्दानंतर येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिघांनीही रान उठविले. पण अभ्यासकांचे लक्ष तिघांकडे सारखे गेले नाही.

समूहातील कमी परिचित व्यक्तीचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न आजच्या काळातील कलागटांनाही लागू पडतो. प्रस्तुत निबंधात मुंबईतील 'स्वदेशी' या बहुभाषिक हिप हॉप गटाचे सदस्य धर्मेश परमार ऊर्फ 'एमसी तोडफोड' यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. २० मार्च २०२२ रोजी वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून त्यांची ओळख 'गली बॉय चित्रपटातील रॅपर' अशी करून देण्यात आली. ही ओळख खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. परमार यांचे खरे महत्त्व त्यांनी गटात कोणती भाषा आणली आणि त्या भाषेमुळे मुंबईच्या श्रमिक संस्कृतीचा कोणता पैलू उजेडात आला, यात शोधावे लागते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

हिप हॉप : उगम आणि गटाचे स्वरूप

हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स या भागात झाला असे मानले जाते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने संगीत वाजविले, तो प्रसंग या कलाप्रकाराचा आरंभबिंदू समजला जातो. ब्रॉन्क्स ही त्या काळी बेकारी, जळालेल्या इमारती आणि महामार्गासाठी उठविलेल्या वस्त्या यांनी ग्रासलेली वसाहत होती. तेथे राहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी तरुणांनी जुन्या तबकड्यांतील तालाचे तुकडे पुनःपुन्हा वाजवून त्यावर लयबद्ध शब्दोच्चार करण्यास सुरुवात केली. तबकडी वाजविणारा तो डीजे आणि शब्द उच्चारणारा तो एमसी, अशी कामाची विभागणी झाली. 'एमसी' ही सूत्रसंचालकासाठी वापरली जाणारी जुनी संज्ञा होती. पुढे ती रॅपरच्या नावामागील उपाधी बनली.

समूह आणि व्यक्ती यांच्यातील श्रेयाचा प्रश्न या कलाप्रकारात आरंभापासूनच दिसतो. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरिअस फाइव्ह या गटाचे 'द मेसेज' हे १९८२ मधील गाणे सामाजिक आशयाच्या रॅपचा पाया मानले जाते. ते संपूर्ण गटाच्या नावावर प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात गटातील रॅपरांपैकी त्यात प्रामुख्याने मेली मेल यांचाच आवाज आहे आणि त्यांच्या जोडीला ड्यूक बूटी हे गटाबाहेरचे कलावंत होते. त्याच गटातील कीथ 'काउबॉय' विगिन्स यांनी 'हिप हॉप' हा शब्द रूढ केल्याचे श्रेय अनेक जण त्यांना देतात. विगिन्स यांचे १९८९ मध्ये निधन झाले आणि २००७ मध्ये हा गट अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल होणारा पहिला हिप हॉप गट ठरला. ज्याच्या तोंडून या कलेला नाव मिळाले असे मानले जाते, त्याचे स्वतःचे नाव सामान्य श्रोत्यास ठाऊक नसते. गटाचे नाव कधी एकाचे कार्य सर्वांच्या खात्यावर मांडते, तर कधी एखाद्याचे कार्य पूर्णपणे झाकून टाकते, हे यावरून स्पष्ट होते.

शाहिरी परंपरेशी साधर्म्य आणि भेद

रॅप आणि शाहिरी यांची तुलना अनेकदा केली जाते. दोहोंत तालाला प्राधान्य आहे, दोहोंत श्रोत्यांना थेट संबोधन आहे आणि दोहोंत समकालीन घटनांवर भाष्य असते. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, साम्यवादी कलापथके आणि नामांतर लढ्याच्या काळात मराठवाड्यातील गावोगावी गायली गेलेली गीते ही वंचितांच्या सार्वजनिक वाणीची मोठी परंपरा आहे. तथापि साधर्म्य म्हणजे वारसा नव्हे. मुंबईतील रॅपर तरुणांनी पहिला धडा बहुतांशी अमेरिकी ध्वनिमुद्रणांवरून आणि महाजालावरून घेतला. शाहिरीशी त्यांचे नाते त्यानंतर आणि जाणीवपूर्वक जोडले गेले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

रचनेच्या दृष्टीनेही एक महत्त्वाचा भेद आहे. पोवाड्यात मुख्य शाहीर कथन करतो आणि मागे उभे असलेले झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात. येथे श्रेणी स्पष्ट असते. इतिहासाने झीलकऱ्यांची नावे नोंदविली नाहीत, याचे एक कारण या रचनेतच आहे. हिप हॉप गटात मात्र प्रत्येक सदस्य आळीपाळीने पुढे येतो, स्वतः लिहिलेले कडवे स्वतः म्हणतो आणि सर्वांना जोडणारे ध्रुवपद सामायिक असते. म्हणजे गटातील कमी परिचित सदस्य हा झीलकरी नसतो. त्याचे कडवे गाण्यातून काढून टाकले तर गाणे अपुरे होते. परमार यांच्याकडे पाहताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

दुसरा भेद पाठबळाचा आहे. लाल बावटा कलापथकामागे पक्ष होता, कामगार संघटना होत्या आणि गिरणगावातील सभांचा हमखास श्रोतृवर्ग होता. पक्षाची शिस्त कलावंताला जाचकही होत असे, परंतु कार्यक्रमाची तारीख आणि जागा तीच यंत्रणा ठरवीत असे. हिप हॉप गटाला अशी यंत्रणा नसते. तो कोणाचा बांधील नसतो, पण त्याला कोणाचा आधारही नसतो. श्रोता, निर्माता, चित्रीकरण आणि प्रसिद्धी या सर्व गोष्टी त्यास स्वतः उभ्या कराव्या लागतात.

मुंबईचा रॅप आणि 'स्वदेशी' गट

मुंबईतील देशी भाषांतील रॅपकडे व्यापक लक्ष वेधले गेले ते २०१४-१५ च्या सुमारास. कुर्ल्याच्या नेझी यांचे 'आफत' हे गाणे २०१४ मध्ये आले. त्याचे चित्रीकरण आयपॅडवर केले होते. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' प्रसिद्ध झाले आणि 'गली रॅप' ही संज्ञा रुळली. इंग्रजीचे अनुकरण सोडून वस्तीच्या बोलीत बोलणे, हे या लाटेचे मुख्य वैशिष्ट्य होते.

'स्वदेशी' हा गट या लाटेच्या काहीसा आधी, २०१३ च्या सुमारास आकारास आला. गटाच्या नावातच वंगभंगाच्या चळवळीपासून चालत आलेल्या शब्दाचे स्मरण आहे. या गटाने दोन गोष्टी आरंभापासून जपल्या. पहिली म्हणजे सामाजिक-राजकीय आशय आणि दुसरी म्हणजे अनेक भाषांचे सहअस्तित्व. एमसी मवाली हे मराठीतून रॅप करतात. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर हे आपले नाव शंभराचा आकडा आणि इंग्रजी अक्षरे यांच्या जुळणीतून लिहितात. शंभर म्हणजे 'सौ' आणि पुढे 'रभ' असा त्यातील शब्दखेळ आहे. धर्मेश परमार यांनी या गटात गुजराती आणली.

गटाचे २०१९ मधील 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे त्याची भूमिका समजण्यास उपयुक्त आहे. मुंबईतील आरे परिसरातील जंगल आणि तेथील आदिवासी पाडे यांच्या प्रश्नावर हे गाणे असून आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा त्यात सहभाग आहे. गाण्याचे शीर्षक १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यात गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेल्या उठावाची आठवण करून देते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि ७ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील वृक्षतोडीस मनाई केली. गाणे या घटनेच्या आधीचे आहे, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. २०२० मध्ये गटाचा 'चेतावनी' हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला.

ताल, चित्रपट आणि प्रसिद्धी

गटाच्या वाटचालीत मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या 'ता धोम' या उपक्रमास विशेष स्थान आहे. कर्नाटक संगीतात मृदंगाचे बोल तोंडाने म्हणण्याची जी पद्धत आहे, तिची सांगड रॅपशी घालण्याचा हा प्रयोग होता. मुंबईच्या वस्त्यांतील तरुण आणि शास्त्रीय परंपरेतील वादक यांची ही भेट सांस्कृतिकदृष्ट्या असाधारण होती. शास्त्रीय संगीताचे शिक्षण आपल्याकडे दीर्घकाळ ठरावीक जाती-वर्गांच्या चौकटीत राहिले. या प्रयोगाने ती चौकट मोडली असे म्हणणे धाडसाचे होईल; पण तिच्याबाहेर एक दार उघडले, एवढे निश्चित म्हणता येते.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर दिग्दर्शित 'गली बॉय' हा चित्रपट प्रदर्शित झाला. डिव्हाइन आणि नेझी यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेतलेल्या या चित्रपटाच्या ध्वनिफितीत १८ गीते असून त्यांसाठी मुंबईतील अनेक रॅपरांना एकत्र आणण्यात आले होते. त्यातील 'इंडिया ९१' या गीतात विवेक राजगोपालन यांच्या तालाच्या साथीने एमसी अल्ताफ, सौरभ अभ्यंकर आदींबरोबर एमसी तोडफोड यांचा आवाज आहे. '९१' हा भारताचा दूरध्वनी संकेतांक. एकापेक्षा अधिक भारतीय भाषांतील कडवी एका तालावर गुंफण्याची 'स्वदेशी' ची पद्धत या गीतातून प्रथमच देशभरातील चित्रपटगृहांत पोहोचली.

चित्रपटाचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. चित्रपट एका नायकाची कथा सांगतो : गरीब वस्तीतील एक तरुण, त्याची एक स्पर्धा, त्याचा एक विजय. ज्या कलेचे स्वरूप सामूहिक, त्या कलेची प्रसिद्धी व्यक्तिकेंद्री कथेतून झाली. परमार यांच्या निधनानंतर चित्रपटाच्या दिग्दर्शिकेने व कलावंतांनी समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली. त्यामागील आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवशीच्या बातम्यांचा भर गटाच्या नऊ वर्षांच्या कार्यापेक्षा चित्रपटातील एका गीतावर होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवे. उद्याचा संशोधक जेव्हा या बातम्या साधने म्हणून हाताळील, तेव्हा तो हाच भर प्रमाण मानण्याचा धोका आहे.

चाळ आणि भाषा

परमार हे दादर पूर्वेकडील नायगावच्या बीडीडी चाळींतील रहिवासी होते. १९२० मध्ये मुंबई सरकारने स्थापन केलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी वरळीस १२१ आणि नायगावास ४२ चाळी आहेत. एका खोलीत एक कुटुंब, सामायिक व्हरांडा आणि मजल्यावर सामायिक शौचालय अशी ही रचना होती. स्वातंत्र्यलढा, आंबेडकरी चळवळ, गिरणी संप आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन या सर्वांचे पडसाद या चाळींत उमटले. अलीकडे त्यांचा पुनर्विकास सुरू असून वरळीतील पुनर्वसित घरांचे पहिले वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. म्हणजे ज्या व्हरांड्यांत हा आवाज घडला, ते व्हरांडे स्वतःच आता इतिहासजमा होऊ लागले आहेत.

या चाळींतील आणि एकूणच मध्य मुंबईतील वस्ती केवळ मराठी भाषिक नव्हती. काठेवाड आणि गुजरातच्या अन्य भागांतून आलेली श्रमिक कुटुंबे मुंबईत पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांतील अनेकांनी नगरपालिकेच्या सफाई खात्यात आणि गिरण्यांत कष्ट उपसले. तथापि महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीत मुंबईची गुजराती म्हटली की पेढी, शेअर बाजार आणि भांडवलदार हीच चित्रे उभी राहतात. १ जुलै १८२२ रोजी सुरू झालेले 'मुंबई समाचार' हे वृत्तपत्रही व्यापारी जगाशी जोडूनच आठविले जाते. १९५६ ते १९६० या काळातील संघर्षाने हे चित्र अधिक घट्ट केले. मुंबई महाराष्ट्रास मिळावी म्हणून झालेल्या लढ्यात भाषा आणि वर्ग हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले होते. मराठी म्हणजे श्रमिक आणि गुजराती म्हणजे धनिक, असे समीकरण त्यातून रूढ झाले. लढ्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. समाजाच्या इतिहासाच्या दृष्टीने ते अर्धवट होते, कारण त्यात श्रमिक गुजराती भाषिकाला जागाच उरली नाही.

परमार यांचे गुजराती रॅप याच रिकाम्या जागेत उभे राहते. मराठी रॅपरच्या शेजारी उभा राहून, त्याच तालावर, त्याच अन्यायाविरुद्ध गुजरातीतून बोलणारा चाळीतील तरुण हे दृश्य वरील समीकरणास उत्तर देते. त्यासाठी कोणताही लेख वा ठराव लागला नाही. गाण्यातील कडव्यांचा क्रम पुरेसा ठरला. मराठीचे स्थान त्यामुळे उणे झाले नाही. उलट, मुंबईच्या कष्टकऱ्यांची मुख्य भाषा म्हणून मराठीच्या भोवती इतर श्रमिक भाषा कशा नांदत आल्या, याचा तो पुरावा आहे. अन्य भाषेतून येऊन मराठीचे होणे, हा एक मार्ग होता. स्वतःची भाषा न सोडता मराठीच्या खांद्याला खांदा लावणे, हा दुसरा मार्ग होय. परमार यांची कारकीर्द या दुसऱ्या मार्गाची आहे.

गट, व्यक्ती आणि अखेरचा गीतसंग्रह

परमार यांचा 'ट्रुथ अँड बेस' हा स्वतंत्र गीतसंग्रह मार्च २०२२ मध्ये, त्यांच्या निधनापूर्वी काही दिवसच आधी प्रसिद्ध झाला. शीर्षकातील 'बेस' हा शब्द संगीतातील खर्जाच्या नादासाठी आहे. सत्य आणि नाद यांची जोडी त्यातून सूचित होते. त्याच महिन्यात गटाच्या 'स्वदेशी मेळा' या कार्यक्रमात त्यांनी केलेले सादरीकरण अखेरचे ठरले. २० मार्च रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

या घटनाक्रमाकडे पाहण्याचे दोन मार्ग संभवतात. एक दृष्टी अशी की, स्वतःचे नाव होण्याच्या उंबरठ्यावर असताना एक कलावंत गेला; म्हणजे त्याची कारकीर्द अपुरी राहिली. ही हळहळ स्वाभाविक आहे. परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे : गटातील वर्षे ही तयारी आणि स्वतंत्र गीतसंग्रह ही खरी सुरुवात. हे गृहीतक हिप हॉप गटाच्या स्वरूपाशी जुळत नाही. दुसरी दृष्टी अशी की, गटातील वर्षे हीच कारकीर्द होती आणि स्वतंत्र संग्रह हा तिचा एक टप्पा होता. या दृष्टीने पाहिल्यास चोविसाव्या वर्षी संपलेली ही कारकीर्द अल्पायुषी ठरते, पण अपुरी ठरत नाही. एका भाषेला एका शहराच्या संगीतात तिची न्याय्य जागा मिळवून देणे, हे कार्य तिने पूर्ण केले होते.

येथे संशोधनपद्धतीचाही मुद्दा उपस्थित होतो. कलापथकांच्या बाबतीत आपण हस्तपत्रके, पक्षाची मुखपत्रे आणि आठवणींवर विसंबतो. हिप हॉपच्या बाबतीत साधने ध्वनिमुद्रित आणि महाजालावर विखुरलेली आहेत. ती विपुल दिसतात, परंतु टिकाऊ नाहीत. एखादे खाते बंद झाले की दस्तऐवज नाहीसा होतो. म्हणून अभ्यासकाने प्रथम प्रत्येक गीताची कडवेनिहाय नोंद करावी : कोणते कडवे कोणाचे, कोणत्या भाषेत, कोणत्या वर्षी आणि कोणत्या प्रसंगी. अशी नोंद झाल्यास गटाच्या नावाआड गेलेले श्रेय पुन्हा व्यक्तीकडे आणता येते आणि व्यक्तीच्या प्रसिद्धीआड गेलेला गटही दिसू लागतो. लातूर, नांदेड, धाराशिव परिसरातील भीमगीत गायन पार्ट्यांतील ढोलकीवाले, पेटीवाले आणि सहगायक यांच्यासाठीही हीच पद्धत उपयोगी पडेल. त्यांच्यापैकी वयोवृद्ध कलावंत हयात आहेत तोवर हे काम महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी संयुक्तपणे हाती घेणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, हिप हॉप गटातील कमी परिचित सदस्य हा दुय्यम कलावंत नसतो. त्याच्या दुय्यमतेचे मूळ कलेत नसून प्रसिद्धीच्या यंत्रणेत असते. दुसरा, 'गली बॉय' चित्रपटाने मुंबईच्या रॅपला देशभर नेले, पण त्याचबरोबर सामूहिक कलेवर एका नायकाची चौकट लादली. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, धर्मेश परमार यांच्या कारकिर्दीमुळे मुंबईतील गुजराती भाषेचा श्रमिक इतिहास ऐकू येण्याजोगा झाला आणि १९६० नंतर रूढ झालेल्या भाषा-वर्ग समीकरणाचा पुनर्विचार करण्यास आधार मिळाला.

गव्हाणकरांचे नाव 'आणि' नंतर का येते, हा प्रश्न आपल्या पिढीला सत्तर-ऐंशी वर्षांनी विचारावा लागत आहे. एमसी तोडफोड यांच्याबाबत तो आत्ताच विचारता येतो, कारण त्यांचे सहकारी, त्यांचे श्रोते आणि त्यांची ध्वनिमुद्रणे आज आपल्यासमोर आहेत. ही संधी समकालीन इतिहासाच्या अभ्यासकांनी दवडू नये.